उंदराला सोंग येत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

अठ्ठेचाळीस पिंजरे धुतले. एकटीने. थिसिस नऊला येणार होती, पावणेअकराला उगवली. म्हणे, "ताई, बस चुकली." बस दर दहा मिनिटांनी आहे. किती बसा चुकवल्या असतील त्याचा हिशोब मी मनातल्या मनात केला.

थिसिस हे नाव मी ठेवलंय. कुणाशी ओळख करून देताना ही मुलगी आधी प्रबंधाचं नाव सांगते, मग स्वतःचं. सव्वीस वर्षांची आहे. उंदीर शेपटीला धरून उचलते, जणू ओला मोजा उचलतेय. उंदीर ओंजळीत घ्यायचा असतो, म्हणजे तो घाबरत नाही आणि आकडे बिघडत नाहीत. तीनदा दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी. सतरा वर्षं या उंदीरघरात काढली मी, पण माझ्या नावापुढे डिग्री नाही, त्यामुळे माझं सांगणं म्हणजे बडबड.

घरी आले तर हे खिडकीशी बसलेले. गॅसवर भांडं कोरडं ठणठणीत, बूड काळं.

"अगं, चहा करायला उठलो होतो."

मग?

"मग बसलो, वाटतं."

सप्टेंबरात ताप आला होता यांना. पाच दिवस. अख्ख्या गल्लीला आला होता, गल्ली कामाला लागली. पाच दिवसांच्या तापावर तीन महिने बसून खाणारा माणूस मात्र माझ्याच घरी.

५ फेब्रुवारी, बुधवार

नणंदेचा फोन. "वहिनी, दादाला बोलत जाऊ नकोस. त्याला खरंच काहीतरी झालंय." तीनशे किलोमीटरवरून कळतं हिला. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

काय झालंय ते मी सांगते. अठ्ठावीस वर्षं इमारतींचं वायरिंग केलं. नोव्हेंबरात एका नव्या इमारतीत शिडी चढले, मेन पॅनल उघडलं, दहा मिनिटं बघत उभे राहिले आणि खाली उतरले. ठेकेदाराला म्हणाले, "मला आज हे उमगत नाहीये. दुसऱ्या कुणाला तरी चढवा." ठेकेदार भला माणूस, म्हणाला, बरं वाटलं की या. नंतर त्याने फोन केला नाही आणि यांनीही केला नाही.

कंटाळा आला होता, दुसरं काय. अठ्ठावीस वर्षं शिडी चढून कुणालाही येईल. मग सरळ म्हणावं कंटाळलो म्हणून. आजाराचं पांघरूण कशाला?

११ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या सरांनी नवा प्रयोग समजावला. म्हणजे थिसिसला समजावला. मी तिथे बाटल्या भरत होते, म्हणून माझ्याही कानावर पडला.

डिसेंबरात निम्म्या उंदरांच्या नाकात विषाणूचा थेंब सोडला होता. हलका डोस, आठवड्यात फुफ्फुसं साफ. उरलेल्या निम्म्यांच्या नाकात नुसतं मिठाचं पाणी. आता सगळेच धडधाकट. वजन सारखं, केस चकचकीत, धावतातही सारखेच. प्रश्न एवढाच, की डोकं जागेवर आहे का.

कुणाच्या नाकात काय गेलं ते मला सांगायचं नाही. थिसिसलाही नाही. निम्म्या पिंजऱ्यांवर पिवळं कार्ड, निम्म्यांवर निळं, आणि कुठला रंग कशाचा ती चिठ्ठी सरांच्या कुलपात. का? तर म्हणे आधी माहीत असलं की माणूस स्वतःला हवं तेच बघतो.

हे मला सांगतायत. मी हवं ते कधी बघत नाही. आहे ते बघते.

१२ फेब्रुवारी

टेबल आलं. गोल, पांढरं, कमरेइतकं उंच. कडेने वीस भोकं. एका भोकाखाली छोटी अंधारी पेटी, बाकी एकोणीस भोकांखाली काही नाही. वर झगझगीत दिवा. उंदराला उजेड सोसवत नाही, तो लपायला पेटी शोधतो. भिंतीवर मोठाले चौकोन-त्रिकोण चिकटवलेत, त्यांच्यावरून पेटी कुठे ते लक्षात ठेवायचं. रोज चार फेऱ्या, एका फेरीला तीन मिनिटं.

स्टॉपवॉच माझ्याकडे. थिसिसचा अंगठा झोपलेला असतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पिवळे चौथ्या दिवशी सरळ पेटीत. निळे अजून टेबलभर फिरतायत. निळे ते आजारी. लिहून ठेवते इथे. चिठ्ठी उघडायला मोठे सर पाहिजेत, मला नकोत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

डबा घरी राहिला. घाईत. हे घेऊन आले, बाहेर उभे राहिले असते तर बरं झालं असतं. पण थिसिसने बघितलं आणि "काका, आत या ना" करत खुर्ची दिली. यांना तेवढंच हवं होतं. टेबल कशाचं, दिवा किती वॅटचा, उंदरांना झालंय काय, सगळं विचारलं. घरी दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही.

थिसिसला श्रोता मिळाला. म्हणाली, "काका, विषाणू मेंदूपर्यंत पोचतच नाही. फुफ्फुसातच संपतो. पण शरीरात जी धावपळ होते, तिची वर्दी रक्तातून मेंदूला लागते. तिथल्या राखण करणाऱ्या, साफसफाई करणाऱ्या पेशी जाग्या होतात. धोका टळला तरी काही जणांत त्या परत झोपतच नाहीत. मग घाणीबरोबर चांगलंही कुरतडायला लागतात. आठवणी जिथे बनतात तिथे नव्या पेशी कमी तयार होतात. आणि मेंदूतल्या तंतूंवर एक वेष्टन असतं..."

"इन्सुलेशन," हे म्हणाले.

"हो, तेच. ते पातळ होतं."

"मग वाटेत गळती होणार. दिवा लागेल, पण मिणमिणता."

थिसिस माझ्याकडे वळली. "ताई, काकांना किती पटकन कळलं."

कळणारच. आळसाला शास्त्राचं नाव मिळत असेल तर कुणाला कळणार नाही?

हे विचारतात, कारण हेच का? थिसिस बोटं मोजायला लागली. कुठे म्हणे मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरतात, कुठे रक्ताच्या बारीक गुठळ्या सापडतात, कुणी म्हणतं विषाणूचे तुकडे अंगात मागे राहतात, कुणी म्हणतं शरीराची शस्त्रं शरीरावरच उलटतात. तेवढ्यात मोठे सर दारातून डोकावून म्हणाले, "एकच कारण नसणार." म्हणजे माहीत नाही. ते तीन शब्दांत सांगायला माणूस तीस वर्षं शिकला.

जाताना थिसिसने यांना समोरच्या हॉस्पिटलचं सांगितलं. तिथे अशा माणसांची तपासणी चालू आहे, औषधही देऊन बघणार आहेत. म्हटलं, घरी पोचेपर्यंत विसरतील. संध्याकाळी बघते तर तळहातावर पेनाने लिहून आणलेलं. जेवायला बसतानाही त्या हाताला साबण लावला नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

हॉस्पिटलातून फॉर्म आला. एक यांचा, एक घरच्या माणसाने भरायचा. यांनी बघायचा नाही, पाकीट चिकटवून द्यायचं.

"आजारापूर्वीच्या आणि आताच्या स्मरणशक्तीत फरक वाटतो का?" नाही.

"नेहमीची कामं करताना गोंधळ होतो का?" आधीपासून.

"इतर माहिती." स्वभाव धांदरट.

अठ्ठावीस वर्षांत यांनी एक स्क्रू ढिला ठेवला नाही, तेही खरं. पण लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वडिलांना स्टेशनवर आणायला जायचं विसरले होते. बाबा दीड तास बाकावर बसून होते. ते विसरणं नव्हतं का? तेव्हा कुठला विषाणू होता?

पाकीट चिकटवत होते तेव्हा यांनी विचारलं, "लिहिलंस ना नीट?"

"जे आहे ते लिहिलं."

"मग झालं."

४ मार्च, मंगळवार

आज एक गंमत केली. यांना कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं. साबण, मीठ, काडेपेटी, बटाटे. चारच वस्तू. कागद दिला नाही. दार लागलं आणि मी स्टॉपवॉच दाबलं. कामावरचं घरी आणलं होतं, एका दिवसाने काही बिघडत नाही.

धडधाकट माणसाला दहा मिनिटं. यांना सत्तेचाळीस. आणले काय? साबण. दोन साबण.

"मधे कुठे होतात?"

"दुकानासमोरच होतो. आठवत होतो."

घरातला एकोणपन्नासावा उंदीर. फरक एवढाच, की उंदराला सोंग येत नाही.

७ मार्च, शुक्रवार

हॉस्पिटलचं पत्र. कुटुंबीयांच्या माहितीनुसार आजारापूर्वीच्या स्थितीत फरक आढळत नसल्याने औषधाच्या गटात समावेश करता येत नाही.

यांनी ओळीवरून बोट फिरवत वाचलं. दोनदा. मी भांडी घासत होते, घासत राहिले. आता विचारतील, मग विचारतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं सणसणीत.

"ठीक आहे," म्हणाले. पत्राची घडी घातली आणि खिडकीशी जाऊन बसले.

भांडायलासुद्धा अंगात काही लागतं. तेही नाही.

११ मार्च, मंगळवार

काल दिवसभर बाहेर होते. कुठे, तर "जरा फिरून आलो." आज नवं नाटक. पाठ दुखते. आणि डोकं, पण कसं? उठून बसलं की दुखतं, आडवं पडलं की थांबतं! असं सोयीचं दुखणं मी जन्मात बघितलं नाही. जेवण पलंगावर नेऊन दिलं. ताट आदळलं थोडं.

१३ मार्च

डोकेदुखी थांबली. बरोबर आहे, कुणी विचारपूस करत नाही म्हटल्यावर दुखून उपयोग काय?

१९ मार्च, बुधवार

नणंद पुन्हा. "वहिनी, दादा बोलता बोलता मधेच थांबतो गं. शब्द शोधतो. मी वाट बघते तर म्हणतो, राहू दे."

मी म्हटलं, तुझा दादा आधी तरी कुठे व्याख्यानं देत होता?

तिने फोन ठेवला. सवय नाही तिला खरं ऐकायची.

२७ मार्च, गुरुवार

आज टेबलावर एकोणीस नंबर. निळं कार्ड. शेपटीवर दोन काळ्या रेघा. अंगाने गुटगुटीत, खायला पुढे. आजची फेरी नवीन शिकायची नव्हती. आधी शिकलेलं किती उरलंय ते बघायचं होतं.

सोडलं. भोकांच्या कडेकडेने गेला आणि बरोबर पेटीच्या भोकाशी थांबला. नाक आत घातलं. मी अंगठा बटणावर आणला. तो थांबला, वर बघितलं आणि पुढे निघून गेला. पूर्ण फेरी मारून परत त्याच भोकाशी. परत नाक आत. परत पुढे. तिसऱ्यांदाही तसंच. मग टेबलाच्या मधोमध जाऊन उजेडात बसून राहिला.

तीन मिनिटं झाली. वेळ संपली की आपण हाताने पेटीत सोडायचं, असा नियम आहे. ओंजळीत घेतला तर काळीज नुसतं धडधडत होतं त्याचं. पेटी समोर होती. नाक घालून बघितलं होतं त्याने. मग उजेडात का बसला?

थिसिसने विचारलं, "ताई, वेळ?" मी तिला वेळ सांगितली. आवाज बरोबर आला माझा, मला वाटतं.

२८ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी बाथरूमचा दिवा गेला. म्हटलं, बदला. टेस्टर स्वयंपाकघरात, मधल्या खणात. बारा वर्षं तिथेच असतो.

हे आले. मधल्या खणावर हात ठेवला. उभे राहिले. हात काढला, वरचा खण उघडला, बंद केला. खालचा. मग परत मधल्यावर हात. उघडला नाही. मला वाटलं, आता माझ्याकडे बघून हसतील, चोरटं, सापडल्यासारखं. सोंग करणारा माणूस एकदा तरी बघतो, आपल्याकडे कुणी बघतंय का ते.

त्यांनी बघितलं नाही. मी आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. मधोमध उभे होते, दिव्याखाली, आणि ओठ हलत होते.

मी खण उघडून टेस्टर हातात दिला. "हा काय," म्हणाले. "इथेच होता की."

दिवा मात्र दोन मिनिटांत बदलला. हाताला आठवतं सगळं. मग डोक्याला का नाही? म्हणून चिडचिड झाली माझी. अजून होतेय.

९ एप्रिल

आज काही लिहायचं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

उंदीर संपवायचा दिवस. मेंदूचे काप करायचे, म्हणजे ते करावंच लागतं. ते काम माझं. माझ्या हातून त्यांना कळतसुद्धा नाही. थिसिस कोपऱ्यात नाक पुसत उभी. विज्ञानाची सेवा करायला निघालेत आणि चोविसाव्या उंदरापाशीच हिला रडू येतं. बाहेर पाठवलं तिला.

एकोणीस नंबर शेवटी घेतला. का ते माहीत नाही. क्रम तसा नव्हता.

२३ एप्रिल

यांनी विचारलं, "आज तुझं काही बिनसलंय का?" म्हटलं, माझं कशाला बिनसेल? म्हणाले, "काल जेवली नाहीस." हे बरं लक्षात राहतं.

१३ मे, मंगळवार

चिठ्ठी उघडली. निळे आजारी. मी फेब्रुवारीत लिहून ठेवलं होतं ते बरोबर निघालं, पण इथे ते दाखवायला कोण आहे?

मोठ्या सरांनी पडद्यावर काप दाखवले. पिवळ्यांच्या मेंदूत त्या राखणदार पेशी लांब लांब, बारीक फांद्यांच्या, निवांत. निळ्यांत आखूड, जाडजूड, गर्दी करून बसलेल्या. त्या थेंबाला तेव्हा चार महिने झाले होते. मेंदूत विषाणू एकही नाही, पुन्हा पुन्हा तपासलं. तंतूंवरचं वेष्टन जागोजाग विरलेलं. बघणाऱ्याला समजवायचीही गरज नव्हती.

सगळे टाळ्या वाजवत होते. थिसिसला मोठे सर हात मिळवून म्हणाले, उत्तम. पिंजरे कुणी धुतले ते कुणी विचारलं नाही, आणि आज मला त्याचं काही वाटलंही नाही. नवलच.

नंतर थिसिसला एकटं गाठलं. "हे उतरतं का?"

"काहींचं उतरतं, ताई. काहींचं किती दिवस राहतं ते अजून कुणालाच माहीत नाही." आणि मग, "काका कसे आहेत?"

"तुला काय करायचंय?" म्हटलं. तिचा चेहरा पडला. मी असंच बोलते. मला दुसरं बोलताच येत नाही.

घरी येताना सगळ्या रस्त्याने मी त्या ठेकेदाराला शिव्या घातल्या, नणंदेला घातल्या, मोठ्या सरांना घातल्या. घराजवळ आले तेव्हा शिव्या घालायला एकच जण उरलं होतं.

अठ्ठेचाळीस उंदरांवर विश्वास ठेवला मी. एकही तोंडाने काही बोलला नव्हता. आणि जो शिडीवरून खाली उतरून सरळ सांगत होता, मला उमगत नाहीये...

१५ मे, गुरुवार

अर्धी सुट्टी टाकून समोरच्या हॉस्पिटलात गेले. टेबलाशी एक बाई, चाचण्या घेणारी. म्हटलं, फेब्रुवारीत एक फॉर्म भरला होता, चुकीचा भरला होता, बदलायचाय.

ती म्हणाली, "औषधाचा गट आता भरला. तरी तुमचं नवीन लिहून घेते, पुढच्या वेळी उपयोगी पडेल." नवा फॉर्म दिला. "फरक वाटतो का?" हो. "इतर माहिती" म्हणून चार ओळींची जागा होती, मी मागचं पानही भरलं. अठ्ठावीस वर्षांत स्क्रू ढिला ठेवला नाही, हे पहिल्यांदा लिहिलं.

तिने यांची फाईल काढली. जाडी बघून मी म्हटलं, एवढी?

"अहो, त्यांनी अभ्यासाच्या दुसऱ्या भागासाठी नमुना दिलाय ना. त्याला घरच्यांचा फॉर्म लागत नाही. मार्चमध्ये, दहा तारखेला. पाठीतून सुई घालून मणक्यातलं पाणी काढलं. दोन दिवस डोकं फार दुखलं असेल ना? उठून बसलं की दुखतं, पुष्कळांना होतं तसं." मग माझ्याकडे बघून, "तुम्हाला माहीत असेलच."

"हो," म्हटलं.

सुईला हे लहान मुलासारखे घाबरतात. दात काढायचा होता तेव्हा माझा हात सोडला नव्हता. एकटे गेले होते त्या दिवशी.

माहिती कुणाला द्यायची, त्या रकान्यात माझं नाव होतं. म्हणून तिने पहिलं पान माझ्यापुढे सरकवलं. त्यावर एक प्रश्न होता: या अभ्यासात तुम्ही का सहभागी होत आहात? "बहुतेक जण लिहितात, इतरांना उपयोग व्हावा म्हणून," ती म्हणाली. "यांनी वेगळंच लिहिलंय."

यांचं अक्षर. रेघ सोडून खाली उतरत गेलेलं, एक शब्द खोडून परत लिहिलेला.

"काही सापडलं तर बायकोला दाखवता येईल."

१६ मे, शुक्रवार

सापडलं होतं. सूज दाखवणारी दोन रसायनं पुष्कळ वाढलेली, असं त्या बाईने वाचून दाखवलं. रिपोर्ट यांच्या हातात दिलाय, यांची सहीही आहे, अकरा एप्रिलची.

आज पस्तीस दिवस झाले. मला दाखवलेला नाही.

विसरले असतील. विसरलेच असू देत.